वडिलांच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमा ही कर्करोगाची गाठ निघाली आहे. मुंबईला न्यावे का, शेत विकावे का?

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातून एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५४ वर्षांचे, सात एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. दसऱ्याच्या सुमारास डोके दुखू लागले, मग बोलताना साधे शब्द सापडेनासे झाले आणि एका पहाटे झटका आला. नागपुरात शस्त्रक्रिया होऊन गाठीचा बराचसा भाग निघाला, आणि तपासणीत ‘ग्लायोब्लास्टोमा, श्रेणी ४’ असे आले. डॉक्टरांनी सहा आठवडे लाईट, म्हणजे किरणोपचार, आणि सोबत कॅप्सूल सांगितली आहे. मामांचा आग्रह मुंबईचा आहे. चुलतभावाने एका मोठ्या शहरात मिळणाऱ्या पेशींच्या लसीची माहिती काढली असून तीन एकर विकले तर तिचा खर्च निघतो असे तो म्हणतो. आत्याने एका वैद्याचे नाव सुचवले आहे. वडिलांना आजाराचे नाव कोणी सांगितलेले नाही. गेले आठ दिवस ते रात्रभर झोपत नाहीत आणि आईवर सारखे चिडतात.

मी गेली बावीस वर्षे नागपुरात किरणोपचार तज्ज्ञ म्हणून काम करतो आणि महिन्यातून एकदा यवतमाळला रुग्ण तपासतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. शेत आज विकू नका. लाईट वेळेवर, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांच्या आत, सुरू होईल एवढ्या एकाच गोष्टीमागे सध्या लागा. या आजारात मी पाहिलेले सर्वांत मोठे नुकसान चुकीच्या औषधाने झालेले नाही. चांगल्याच्या शोधात एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरताना गेलेल्या आठवड्यांनी झालेले आहे.

हा आजार किती गंभीर आहे हे तुम्हाला कोणी स्पष्ट सांगितलेले दिसत नाही, म्हणून आकडे देतो. आज जगभर जो उपचार दिला जातो तो २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून आला. त्यात नुसती लाईट घेतलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान सुमारे १२ महिने आणि लाईटसोबत टेमोझोलोमाइड या कर्करोगाच्या औषधाची कॅप्सूल घेतलेल्यांचे साडेचौदा महिन्यांच्या जवळपास होते. मध्यम म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यापेक्षा जास्त जगले. तुमच्या वडिलांच्या नावावर लिहिलेली ती तारीख नव्हे. याच अभ्यासात दोन वर्षांनी हयात असलेले रुग्ण नुसत्या लाईटच्या गटात शंभरात दहा होते, कॅप्सूलच्या गटात सव्वीस. पाच वर्षांनी अनुक्रमे दोन आणि दहा. म्हणजे हा आजार मुळापासून बरा करणारा उपचार आज कोणाकडेही नाही, मात्र मिळू शकणारा काळ वाढवणारा आणि त्यातला बराचसा हिंडता-फिरता ठेवणारा उपचार नागपुरातच उपलब्ध आहे. वय साठच्या आत असणे, गाठ बरीचशी निघालेली असणे आणि रुग्ण स्वतःचे स्वतः करू शकणे या तिन्ही गोष्टी वडिलांच्या बाजूच्या आहेत.

मुंबईबद्दल. टाटा मेमोरियल हे मोठे केंद्र आहे याबद्दल दुमत नाही, पण तिथे गेल्यावर वडिलांना जे मिळेल ते सहा आठवड्यांत ३० बैठकांमधून ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचे माप) किरणे आणि हीच कॅप्सूल असेल. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, अशी कर्करोगावर उपचार करणारी केंद्रे असताना, झटके येणाऱ्या माणसाला रेल्वेच्या डब्यात पंधरा तास बसवून परळच्या रांगेत उभे करण्याने पदरात काय पडेल, याचा विचार मामांसोबत बसून करा. दुसरे मत जरूर घ्या. माझा त्याला विरोध नाही, आणि कोणत्याही डॉक्टरचा नसावा. पण त्यासाठी वडिलांनी जाण्याची गरज नाही. एमआरआयची सीडी, शस्त्रक्रियेचा कागद, आणि ज्या प्रयोगशाळेत गाठ तपासली तिथून मिळणाऱ्या काचेच्या स्लाइड व मेणाचा ठोकळा, ज्याला तिथे ‘ब्लॉक’ म्हणतात, एवढे घेऊन घरातला एक माणूस जाऊन येऊ शकतो, आणि तोवर इकडे लाईटची तयारी थांबवायची नाही. ब्लॉक रुग्णाचा असतो. अर्ज दिल्यावर तो मिळतो.

मुंबईचा प्रवास सार्थकी लागावा असे प्रसंगही आहेत. केवळ तुकडा काढला असेल आणि उरलेली गाठ काढता येईल का हा प्रश्न असेल, अहवालाच्या नावाबद्दल दोन तज्ज्ञांत मतभेद असतील, किंवा रुग्ण अगदी तरुण असेल, तर जावे. जाणे झालेच तर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडेमाफी असते आणि सोबतच्या माणसाला तीन चतुर्थांश सूट मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावच्या या माणसाचे नाव परमुलखातही विदर्भाच्या रुग्णाला पाठ टेकायला जागा देते, याचे मला दर वेळी बरे वाटते.

अहवालात दोन गोष्टी आहेत का ते पाहा. एक आयडीएच. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या जनुकात बदल असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हटलेच जात नाही, आणि त्या रुग्णांची वाटचाल सहसा बरीच बरी असते. तेव्हा ‘बदल नाही’ असे लिहिलेले आहे की तपासलेच नाही, हे विचारून घ्या. दुसरी एमजीएमटी. हे जनुक निष्क्रिय झालेले असेल तर कॅप्सूलचा फायदा अधिक होतो, नसेल तर कमी. ही तपासणी महाग वाटली आणि वडिलांच्या वयाला कॅप्सूल द्यायचीच असे डॉक्टरांचे ठरलेले असेल, तर केवळ उत्सुकतेपोटी ती करण्याचा मी आग्रह धरणार नाही.

पैशांबद्दल. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. मर्यादा पूर्वी दीड लाख होती, आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, आणि २०२३ च्या शासन निर्णयानंतर शिधापत्रिकेचा रंग आडवा येत नाही. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या दारात जाण्याआधी त्या टेबलावर शिधापत्रिका आणि आधार घेऊन जा, कारण मंजुरी मिळण्याआधी भरलेले पैसे परत मिळवणे फार कटकटीचे असते. मंजुरीत लाईटसोबत टेमोझोलोमाइड धरले आहे की नाही हे वेगळे विचारा. योजनेत न बसणारा खर्च म्हणजे नागपुरातली खोली, जेवण, प्रवास आणि घरी बुडणारी मजुरी. माझ्या अनुभवात शेतकरी कुटुंब मोडते ते या खर्चाने, आणि तो कापसाच्या दोन वेच्यांत निघू शकतो. तीन एकर त्यासाठी लागत नाहीत.

तीन एकर कशासाठी लागतात, हे मी एकदा जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबाने लाईट अर्धवट सोडून परराज्यातील एका केंद्रात रुग्णाच्या रक्तातल्या पेशींपासून लस बनवून घेतली. चार इंजेक्शने झाली. पाचव्याला पैसे कमी पडले तेव्हा मुलगा माझ्याकडे फाइल घेऊन आला, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची. तिच्यात रुग्णाचा एकही नवा एमआरआय नव्हता. खरेदीखत मात्र त्याच पिशवीत होते.

म्हणून चुलतभावाला पुढील माहिती शांतपणे द्या. डेंड्रायटिक या प्रतिकारशक्तीच्या पेशींपासून बनवलेल्या लसीचा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, पण त्यातील तुलनेचा गट इतर अभ्यासांतून उसना घेतलेला होता, त्यामुळे तज्ज्ञांनी तो निकाल निर्णायक मानलेला नाही. आणि आपल्याकडे विकली जाणारी प्रत्येक ‘पेशींची लस’ ही तीच लस असते असेही नाही. प्रतिकारशक्ती चाळवणारी जी इंजेक्शने फुप्फुसाच्या कर्करोगात उपयोगी पडतात, त्यांपैकी निव्होलुमॅब ग्लायोब्लास्टोमात मोठ्या चाचण्यांत आयुष्य वाढवू शकले नाही. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटामध्ये विकसित झालेल्या ज्या कार-टी उपचाराची, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून परत देण्याच्या उपचाराची, बातमी गावोगावी पोहोचली, तो रक्ताच्या विशिष्ट कर्करोगांसाठी आहे, मेंदूच्या गाठीसाठी नाही. प्रोटॉन किरणांनी या आजारात आयुष्य वाढते असेही दिसलेले नाही. डोक्याला चिकटवून विद्युतक्षेत्र देणाऱ्या यंत्राने एका चाचणीत मध्यम आयुर्मान सुमारे १६ वरून २१ महिन्यांच्या जवळ गेले, हे खरे आहे, पण ते यंत्र दिवसातले अठरा तास केस भादरलेल्या डोक्यावर वागवावे लागते आणि त्याचा खर्च आपल्या ओळखीच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही.

नवा उपचार खरोखरच चाचणीच्या टप्प्यात असेल तर तो ओळखण्याची एक सोपी खूण आहे. खऱ्या चाचणीत चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, मराठीत लिहिलेले संमतिपत्र वाचायला देतात, आणि देशातल्या चाचणी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो. २००९ पासून ही नोंद बंधनकारक आहे. क्रमांक विचारा. ‘ट्रायल आहे’ म्हणत कोणी आगाऊ रक्कम मागितली तर तिथून उठा.

वैद्यांबद्दल मी आत्याशी वाद घालणार नाही. आहारातली हळद, देवाचा अंगारा यांवर माझे रुग्ण आणि मी बहुतेक वेळा समझोता करतो. फक्त लाईट आणि कॅप्सूल चालू असताना पोटात घ्यायची भस्मे, काढे आणि नाव न सांगितलेल्या पुड्या नकोत, गुळवेलीचा काढाही त्यातच आला, कारण यकृत बिघडले किंवा रक्तातल्या पेशी घसरल्या तर कॅप्सूल थांबवावी लागते आणि दोष कशाचा हे कळत नाही. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, हा समज मात्र सोडून द्या. त्या नादात भाकरी, वरण, अंडी सगळेच सुटते आणि माणूस गाठीआधी उपासाने खचतो.

आता लाईटचे प्रत्यक्ष काय असते ते सांगतो, कारण बहुतेक घरांत भीती तिथेच असते. आपल्याकडे रेडिएशनला सगळे लाईटच म्हणतात. ओलिताच्या लाईटसारखी ही पण त्यांच्याच टायमाने मिळते, हे एका रुग्णाने मला ऐकवले होते. पहिल्या दिवशी मुखवटा बनतो. पांढऱ्या प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात टाकला की ओल्या पोळीसारखा मऊ होतो, तो चेहऱ्यावर ठेवून नाक, हनुवटी, कपाळ यांच्या घडीप्रमाणे हातांनी दाबतात, आणि काही मिनिटांत तो कडक होतो. कोमट लागतो, भाजत नाही, जाळीतून श्वास नीट घेता येतो. पुढे रोज तोच मुखवटा टेबलाला अडकवून काही मिनिटे किरणे दिली जातात. दुखत काही नाही, दिसत काही नाही. सोमवार ते शुक्रवार, असे सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यापासून किरणांच्या जागचे केस जातात आणि थकवा येतो. आर्णीहून रोज ये-जा करू नका. नागपुरात रुग्णालयाजवळ खोली घ्या, आणि शक्यतो पहिल्या पंधरवड्यात सोबतचा माणूस बदलू नका, कारण गोळ्यांच्या वेळा एकाच्याच डोक्यात असाव्या लागतात.

कॅप्सूल या काळात रोज घ्यायची असते, लाईटला सुट्टी असलेल्या शनिवार-रविवारीही. हे कित्येक घरांत चुकते. उपाशीपोटी, उलटीची गोळी अर्धा तास आधी देऊन, आणि अख्खी गिळायची. एका बाईंनी, नवऱ्याला गिळता येत नाही म्हणून, कॅप्सूल उघडून भुकटी गुळात कालवून दिली होती आणि तो हात तसाच लुगड्याला पुसला होता. ती भुकटी त्वचेला आणि श्वासाला अपायकारक असते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. गिळणे जमत नसेल तर आम्हाला सांगा, मार्ग काढता येतो. दर आठवड्याला रक्ततपासणी करा. सहा आठवड्यांनंतर साधारण महिनाभर विश्रांती, आणि मग दर २८ दिवसांत पाच दिवस, अशा सहा फेऱ्या. त्या घरी राहून घेता येतात आणि रक्ततपासणी यवतमाळला होते.

लाईट संपल्यावरचा पहिला एमआरआय पाहून घाबरू नका. पहिल्या तीन महिन्यांत किरणांच्या सुजेमुळे गाठ वाढल्यासारखी दिसू शकते आणि पुढच्या चित्रात ती ओसरलेली असते. याच वळणावर बरीच कुटुंबे ‘लाईटने काही झाले नाही’ म्हणून उपचार सोडतात. पुढे कधीतरी गाठ खरोखरच परत येते, बहुधा जुन्या जागेच्या आसपास. तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया, दुसऱ्या कॅप्सूल किंवा सूज उतरवणारे बेव्हासिझुमॅबचे इंजेक्शन असे पर्याय निघतात. इंजेक्शनने अंगातली ताकद आणि बोलणे काही काळ सुधारू शकते, एकूण आयुष्य त्याने वाढल्याचे दिसलेले नाही. तो निर्णय त्या वेळच्या वडिलांकडे पाहून घ्यायचा आहे, आज नव्हे.

घरात झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, पाच मिनिटांहून अधिक चालला तर १०८ ला फोन करा. नाकात फवारायचे औषध मिळते, ते लिहून घ्या. झटक्याची गोळी एकही चुकवायची नाही. मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहिरीचा काठ आणि रात्रीचे एकट्याने ओलीत, ही चारही कामे बंद.

वडिलांना सांगावे का? तुमच्यासारखा प्रत्येक मुलगा मला दाराबाहेर गाठून म्हणतो, “डॉक्टरसाहेब, बाबाले काही सांगू नका जी.” एका बाबांनी मुलगा चहा आणायला गेल्यावर मला म्हटले होते, “मले समजते सारं. पोट्टं भेते म्हणून मी इचारत नाही.” दोघेही एकमेकांना सांभाळत होते आणि त्यात दोन महिने गेले. विषय तुम्ही काढा. “तुमच्या डोक्यात वाईट गाठ होती, काढली आहे, पण ती परत येण्याच्या जातीची आहे म्हणून लाईट घ्यायची आहे,” एवढे पुरे आहे. पुढचे ते विचारतील तेव्हा आणि तेवढेच सांगा, खोटे सांगू नका. याला एक रोकडे कारणही आहे. गाठ बोलण्याच्या भागाजवळ आहे, आणि आज समजून सही करणारा माणूस काही महिन्यांनी ती करू शकेलच असे नाही. बँकेतील वारस नोंद, पीककर्ज, सातबाऱ्यावरचा भावकीचा जुना घोळ, कोणाचे उधार-उसनवार, हे त्यांनी स्वतः, लाईट सुरू होण्याआधीच्या या दिवसांत मार्गी लावावे. शेत विकायचे की नाही हे विचारण्याचा पहिला मान सात एकरांच्या मालकाचा आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांनी नको म्हटले.

शेवटी त्या झोपेचे आणि चिडण्याचे. आईला आधी सांगा की हे त्यांच्या मनातले नाही, आणि कोणी करणी किंवा बाहेरची बाधा म्हणाले तर तिथेच थांबवा. मेंदूच्या पुढच्या भागाची सूज, झटक्याची लेव्हेटिरासिटामची गोळी आणि सूज उतरवणारे डेक्सामेथासोन, ही तिन्ही माणसाला चिडचिडे करतात. झोप उडवण्याचे काम मुख्यतः डेक्सामेथासोनचे. ते संध्याकाळी दिले जात असेल तर रात्र जागण्यात जाणारच. याच गोळीने रक्तातली साखर चढते, तोंडात पांढरे बुरशीचे थर येतात आणि महिनाभरात मांड्या इतक्या अशक्त होतात की उकिडवे बसलेल्या माणसाला उठता येत नाही, आणि घरच्यांना वाटते गाठच वाढली. मात्र ती एकदम बंद केली तर सूज उसळून जिवावर बेतू शकते, म्हणून मनाने कमी-जास्त करू नका. डिस्चार्ज कार्ड काढून गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा आणि शेवटची किती वाजता दिली जाते ते लिहून घ्या, रक्तातली साखर गावाजवळच्या आरोग्य केंद्रात उद्याच तपासा, आणि हे सगळे आकडे घेऊन शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करून दुसरी गोळी दुपारी दोनच्या आत देता येईल का, हे विचारा.